मालक ट्रेलरचं काम करत नाही, गाडी मात्र रोज हाकायची आहे: काय तपासायचं, काय अडवायचं, कसं कळवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भातल्या वणी-घुग्घूस पट्ट्यात कोळसा आणि परतीला सिमेंट ओढणारा अठरा चाकी ट्रेलर. मागचे ब्रेक उशिरा लागतात, मधल्या ॲक्सलच्या एका आतल्या टायरची तार दिसते, टेल लाइट कधी लागते कधी नाही. मालकाला सांगितलं की उत्तर येतं, ‘पुढच्या फेरीला पाहू.’ बाकी ड्रायव्हर गप्प राहतात, बोलणाऱ्याला ‘नाटकं करतो’ म्हणतात. आता तर गाडीत बसायचीच चीड येते. काय करावं?

भाऊ, आधी तीन खराब्यांचं सरळ उत्तर देतो. उशिरा लागणारा ब्रेक आणि तार दिसणारा टायर, या दोन्ही गोष्टींवर गाडी भरायचीच नाही. रिकामी असेल तर हळू चालवत जवळच्या वर्कशॉपपर्यंत न्या, तेही ब्रेक निदान सगळ्या चाकांना लागत असतील आणि तो टायर उतरवून स्टेपनी चढवली असेल तरच. टेल लाइटचं काम दिवसाउजेडी इलेक्ट्रिशियनपर्यंत जाण्यापुरतं थांबू शकतं, अंधार पडल्यावर एक किलोमीटरही नाही. आपल्याकडे रात्री मागून बैलबंडी येते, मोटरसायकल येते, लग्नाची जीप येते. उभा किंवा हळू चालणारा बिनदिव्याचा ट्रेलर त्यांना अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही.

आता हे असं का होतं ते पाहू, कारण तुमची चीड त्याच्यातूनच येते. पुलर, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची इंजिनाची गाडी, बिघडला की चालू होत नाही, मीटरवर लाल दिवा लागतो, कंपनीचा सर्व्हिसचा फोन येतो. ट्रेलरला यातलं काहीच नाही. ट्रेलरच्या तीन ॲक्सलच्या सहापैकी (जोडचाक एकच धरून) दोन चाकांचे ब्रेक मेले तरी ट्रेलर ओढला जातोच. माल पोचतो, भाडं मिळतं, म्हणून मालकाला वाटतं की गाडी ठीक आहे. त्यात ट्रेलर एका ड्रायव्हरच्या नावावर राहत नाही. आज या पुलरला, उद्या त्या पुलरला. जो उतरला तो विसरला, जो चढला त्याला माहीत नाही. आणि पगार फेरीवर असेल तर गाडी वर्कशॉपला उभी राहिली की नुकसान ड्रायव्हरचं होतं, म्हणून ड्रायव्हरही बोलत नाही. जबाबदारी सगळी तुमच्यावर आणि खर्चाचा निर्णय दुसऱ्याच्या हातात, ही या धंद्यातली खरी घुसमट आहे. तिच्यावर उपाय एकच: खराबी नेमकी ओळखा, मापासकट लेखी कळवा, म्हणजे निर्णय ज्याचा आहे त्याच्या अंगावर जाईल. नुसतं ‘ब्रेक बरोबर नाही’ म्हटलं की ती कुरकुर ठरते. ‘उजव्या मधल्या चाकाचा ब्रेकचा रॉड ६० मिलिमीटर बाहेर येतो, हद्द ५० आहे’ म्हटलं की मालकाला उत्तर द्यावं लागतं.

म्हणून आधी तपासणी. सर्वात जास्त वेळ ब्रेकला द्या.

सपाट जागेवर गाडी उभी करा, पुलरच्या आणि ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा. दगड लावू नका, तो सरकतो किंवा फुटतो. हवा ७ बारच्या वर भरा, पार्किंग ब्रेक सोडा, इंजिन बंद करा. आता क्लीनरला सर्व्हिस ब्रेक, म्हणजे पायाचा ब्रेक, पूर्ण दाबून धरायला सांगा आणि एक मिनिट मीटरचा काटा पाहा. ०.३ बारपेक्षा जास्त उतरला तर हवा कुठेतरी गळते आहे. कान लावून ट्रेलरच्या बाजूने चाला. बहुतेक वेळा फुसफुस पुलरमधून ट्रेलरला हवा नेणाऱ्या लाल-पिवळ्या पाइपच्या जोडणीत सापडते, तिथला रबरी वायसर झिजलेला असतो. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात. वायसर स्वस्त असतो, दोन-चार जादा नेहमी केबिनमध्ये ठेवा.

मग रॉडचं माप. प्रत्येक बूस्टरच्या, म्हणजे हवेच्या दाबाने रॉड ढकलणाऱ्या डब्याच्या, तोंडाशी रॉडवर खडूने खूण करा, क्लीनरला ब्रेक दाबायला सांगा आणि खूण किती बाहेर आली ते मोजा. ३० नंबरच्या बूस्टरला ५० मिलिमीटर म्हणजे दोन इंच ही हद्द आहे, २४ नंबरच्या बूस्टरला ४४ मिलिमीटर. नंबर बूस्टरच्या अंगावर असतो. एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या रॉडमध्ये ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर ब्रेक दाबल्यावर ट्रेलर एका अंगाला ओढतो. हद्दीच्या जवळ आलेला रॉडही चालणार नाही, कारण उतारावर ब्रेक तापले की बिडाचा ड्रम फुगतो, लायनरपासून (ड्रमवर घासून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्यापासून) दूर जातो आणि रॉडला आणखी लांब यावं लागतं. थंड असताना जेमतेम पुरणारा ब्रेक तळेगावच्या सत्याग्रही घाटात अर्ध्या उतारावर पुरत नाही, तो असा.

स्लॅक म्हणजे रॉड आणि कॅम यांना जोडणारा, ब्रेकचं अंतर सेट करणारा हात; कॅम लायनर ड्रमवर दाबतो. हाताने सेट करायचा स्लॅक असेल तर चाक जॅकवर उचला, लॉक दाबून नट फिरवा, लायनर ड्रमला टेकेपर्यंत. मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्या. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. नट कुठल्या दिशेने फिरवायचा याचा गोंधळ होतो. ब्रेक दाबल्यावर कॅम ज्या दिशेने वळतो, त्याच दिशेने नट फिरवताना तो वळला पाहिजे. ऑटो, म्हणजे आपोआप सेट होणारा, स्लॅक असेल तर मात्र हाताने पुन्हा पुन्हा आवळू नका. त्याचा रॉड लांब आला म्हणजे स्लॅक आतून मेलाय, किंवा पिन झिजलीय, किंवा कॅमचा बुश गेलाय. हाताने आवळलं की दोन-चार दिवस बरं वाटतं, मग खराबी परत येते आणि तोवर तुम्ही ती दुरुस्त झाली असं समजून भरलेली गाडी चालवत असता.

‘ब्रेक उशिरा लागतात’ याला स्लॅकशिवाय आणखी कारणं असतात. ट्रेलरच्या ब्रेकला हवा सोडणाऱ्या रिले इमर्जन्सी व्हॉल्व्हमध्ये पाणी आणि घाण साचते, मग हवा मागे पोचायला वेळ लागतो. बूस्टरचा पडदा फाटलेला असतो. हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, सील गेलेलं असतं आणि लायनर ग्रीसने भिजलेला असतो, असा लायनर धुऊन चालत नाही, तो बदलावाच लागतो. लायनरची जाडी धूळकव्हरच्या भोकातून बॅटरी लावून दिसते. रिव्हेटच्या डोक्यापासून एक-दोन मिलिमीटरच उरला असेल तर त्याचं आयुष्य संपलं. तिथेच थांबलं नाही तर रिव्हेट ड्रम कापतात आणि लायनरच्या खर्चात ड्रमचा खर्च वाढतो.

दोन गोष्टी विशेष शोधा, कारण त्या लपवलेल्या असतात. रस्त्यात पडदा फाटला की कोणीतरी त्या चाकाचा हवेचा पाइप दुमडून तारेने बांधतो किंवा बोल्ट घालून बंद करतो, गाडी घरी आणण्यापुरता. आणि स्प्रिंग ब्रेक, म्हणजे हवा गेली की स्प्रिंगने लागणारा ब्रेक, जाम झाला की मागून लांब बोल्ट घालून स्प्रिंग आवळून ठेवतात. दोन्ही इलाज तात्पुरते असतात आणि दोन्ही वर्षानुवर्षं तसेच राहतात. पाइप बंद केलेलं चाक ब्रेकच करत नाही, त्याचा भार उरलेल्या चाकांवर जातो, ती तापतात, त्यांचे टायर जातात. मालक टायरला दोष देतो. स्प्रिंगचा बूस्टर स्वतः कधी खोलू नका. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस जागीच मरतो. तो अख्खा बदलायचा.

कुठल्या चाकाचा ब्रेक मेला आहे हे ओळखायची सोपी रीत आहे. उतार किंवा ब्रेकचा भरपूर वापर झाल्यावर सुरक्षित जागी थांबा आणि सगळ्या हबजवळ हाताची पाठ न्या, लावू नका. सगळे सारखे गरम असतील तर ठीक. एक थंड असेल तर तो ब्रेक लागतच नाही. एकच खूप गरम असेल तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जातंय. लांबून तापमान दाखवणारी बंदूक मिळते, ती मालकाकडून मागून घ्या. आकडा लिहून पाठवला की वाद संपतो. कापसाच्या गाठी भरल्या असतील तर हे प्रत्येक थांब्यावर करा. हिंगणघाट-यवतमाळकडे हंगामात गाठींची वाहतूक जोरात असते. घासणाऱ्या ब्रेकने टायर पेटला की गाठीपर्यंत आग पोचायला वेळ लागत नाही, आणि गाठीत शिरलेली आग वरून विझल्यासारखी दिसली तरी आत धुमसत राहते.

हवेच्या टाकीचं पाणी रोज काढा. पुलरच्या टाक्या सगळे काढतात, ट्रेलरच्या टाकीकडे कोणी वाकून पाहत नाही. पावसाळ्यात तर फेरीला निघताना आणि आल्यावर, दोनदा. पाण्याबरोबर काळं-दुधट तेल येत असेल तर कंप्रेसर तेल टाकतोय किंवा एअर ड्रायरचा फिल्टर संपलाय. हेच तेल मागे जाऊन व्हॉल्व्हचे रबर फुगवतं.

शेवटची ब्रेकची चाचणी यार्डातच करायची: गुटके लावून, हवा पूर्ण भरून लाल पाइप काढा. ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. लागले नाहीत तर ट्रेलर सुटल्यावर तो थांबवणारं काहीच नाही, असा अर्थ होतो. अशी गाडी फाटकाबाहेर काढू नका.

टायरकडे येऊ. कायद्याने नक्षी निदान १.६ मिलिमीटर हवी. धंद्याच्या हिशोबाने टायर ३ मिलिमीटरवर उतरवून रिट्रेडला, म्हणजे नवी नक्षी चढवायला, दिलेला बरा, कारण तार दिसली की केसिंग, म्हणजे टायरचा सांगाडा, भंगारात जातं आणि रिट्रेडची संधी संपते. मालकाला पटवायचं असेल तर हीच भाषा वापरा: आज उतरवला तर केसिंग वाचतं, पुढच्या फेरीत दोन्ही गेलं. हवा सकाळी गाडी हलवायच्या आधी, थंड टायरमध्ये, मीटरने मोजा. टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, ठोकून आवाज ऐकणं म्हणजे मोजणं नव्हे, त्याने फक्त पूर्ण बसलेला टायर कळतो. टायरच्या अंगावर लिहिलेल्या दाबाच्या २० टक्के खाली गेलेला टायर पंक्चरच समजायचा. १२० पीएसआयचा टायर ९६ वर आला की तो काढून आतून पाहायचा. कमी हवेत पळालेल्या रेडियलच्या बाजूच्या तारा आत तुटलेल्या असतात, आणि तो न तपासता परत भरला की बाजू फाटून स्फोट होतो. भरताना लांब पाइप लावा, टायरच्या बाजूसमोर नव्हे तर नक्षीच्या दिशेला उभे राहा, शक्यतो पिंजऱ्यात भरा.

एप्रिल-मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, डांबर त्याहून तापतं. चालत्या टायरची हवा १५-२० पीएसआयने वाढलेली दिसेल. ती काढू नका. काढली की थंड झाल्यावर टायर कमी हवेत राहतो आणि दुसऱ्या दिवशी तोच फुटतो. जोडीतले दोन टायर सारख्या उंचीचे हवेत, नाहीतर मोठा सगळं वजन घेतो. खाणीतून निघताना जोडीत अडकलेला दगड काढायलाच हवा. आणि रिंगवाल्या रिमचं जोडचाक खोलताना नट सोडण्याआधी दोन्ही टायरची हवा पूर्ण काढा, वॉल्व्हची सुई काढून. आतला रिम तडकलेला असेल तर नट सुटताच रिंग उडते. हा नियम पंक्चरवाला घाईत असला तरी मोडू द्यायचा नाही.

नटभोवती गंजाचे ओघळ दिसले तर नट ढिला आहे. २२ मिलिमीटरच्या स्टडला साधारण ६०० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. पाइप लावून त्याच्यावर उभं राहण्याने तो कधी कमी होतो, कधी इतका जास्त की स्टड ताणून तुटतो. चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरवर नट परत आवळायचे.

किंग पिन, म्हणजे ट्रेलर पुलरला जोडणारी खुंटी, वेळखाऊ नाही पण चुकवू नका. जोडल्यावर बॅटरी घेऊन खाली वाका. टर्न टेबल (पुलरवरची जोडणीची प्लेट) आणि ट्रेलरच्या प्लेटमध्ये फट नको, जबडा पिनच्या मानेभोवती पूर्ण बंद दिसला पाहिजे, हँडल आत गेलेलं आणि त्याची सेफ्टी क्लिप लागलेली. मग ट्रेलरचे ब्रेक लावून पुलर पहिल्या गिअरमध्ये हलका पुढे ओढून पाहा. दोन इंची पिनची मान नवी ५०.८ मिलिमीटर असते, ४९ ला आली की बदलायची. ब्रेक लावताना पाठीत धक्का बसत असेल तर झीज पिनमध्ये किंवा जबड्यात आहे, हे मालकाला नेमकं सांगा.

दिव्यांचं निम्मं दुखणं अर्थिंगच्या वायरीत असतं. ब्रेक दाबल्यावर टेल मंद होते, इंडिकेटर लावल्यावर दुसरेच दिवे लुकलुकतात, असं दिसलं की बल्ब बदलत बसू नका. सात पिनच्या सॉकेटमधली १ नंबरची पिन, म्हणजे पांढरी वायर, आणि चॅसिसवरचा तिचा बोल्ट घासून साफ करा. कधी लागते कधी नाही, ही तुमच्या टेल लाइटची तक्रार बहुधा इथेच मिटेल. रेडियम पट्टी मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. कोळशाच्या भुकटीखाली झाकलेली पट्टी असून नसल्यासारखी, निघण्याआधी ओल्या फडक्याने पुसा.

पाटे (ॲक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि चॅसिस महिन्यातून एकदा नीट पाहिले तरी चालतं, पण नीट पाहा. तुटलेला पाटा, सरकलेला सेंटर बोल्ट, यू बोल्टखाली लाल गंजाची पूड किंवा घासून चमकणारी रेघ, म्हणजे ॲक्सल जागेवरून हलतोय. टेपने किंग पिनपासून पहिल्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांचं अंतर मोजा. फरक काही मिलिमीटरच्या वर असेल तर ट्रेलर तिरका ओढला जातोय आणि टायर एका कडेने खाल्ले जातात. चॅसिसला तडा बहुधा मानेजवळ जातो, जिथे पुढचा उथळ भाग खोल होतो. रंगातून गंजाची बारीक रेघ उतरलेली दिसते. त्यावर नुसतं वेल्डिंग ओढून घेऊ नका. तड्याच्या टोकाला भोक पाडायचं, रंग-गंज घासून धातू उघडा करायचा, लो हायड्रोजन रॉड वापरायचा, आणि आधी बॅटरी व एबीएसचं कनेक्शन सोडायचं.

तडा जाण्याचं मूळ जास्त वजनात असतं. १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने तीन ॲक्सलच्या संचाची मर्यादा २४ वरून २७ टन आणि जोडगाडीचं एकूण वजन जास्तीत जास्त ५५ टन झालं. पण त्याने जुन्या ट्रेलरचं लोखंड जाड झालं नाही. आपल्या आरसीवर जे लिहिलंय तेच खरं. पावसाळ्यात भिजलेला कोळसा तितक्याच उंचीला जास्त भरतो, म्हणून डोळ्याने नव्हे, काट्याने मोजा. मोटर वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे.

पावसाळ्याची एक खास आपली गोष्ट. काळी माती. रस्त्याच्या कडेची भुई वरून कोरडी दिसते आणि भरलेला ट्रेलर खाली धसतो. ट्रेलर सोडायचा असेल तर त्याच्या पुढच्या टेकूच्या पायांखाली जाड लाकडी फळ्या हव्यातच, नाहीतर सकाळी ट्रेलर नाकावर पडलेला असतो. तीच माती स्लॅक, कॅम आणि वायरिंगवर चिकटून वाळते आणि सिमेंटसारखी घट्ट होते. आठवड्यातून एकदा पाण्याने धुवा, मग ग्रीस मारा. धुण्याच्या आधी ग्रीस मारलं तर माती आत ढकलली जाते.

हे सगळं रोज करायचं नाही. ब्रेकचं माप आठवड्याला, पाणी, हवा, नट, किंग पिन, दिवे रोज. हात बसला की रोजच्या फेरीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. खाणीच्या काट्यावर, सिमेंटच्या फाटकावर तासन्‌तास रांगेत उभं राहावंच लागतं, आठवड्याचं मोजमाप तिथे होऊ शकतं, फक्त रांग हलणार नाही याची खात्री असेल तेव्हा आणि गुटके लावूनच.

आता मालकाशी बोलणं. खराबी तीन प्रकारांत वाटा आणि तसंच सांगा. पहिला प्रकार, गाडी हलणार नाही: हद्दीबाहेरचा रॉड, बंद केलेला ब्रेक, तार दिसणारा किंवा बाजू फुगलेला टायर, न लागणारं किंग पिनचं लॉक, ढिले नट, तुटलेला मेन पाटा, हवेची मोठी गळती, अंधारात टेल लाइट नसणं. दुसरा प्रकार, ही फेरी संपली की लगेच: लायनर संपत आलेले, गळणारं हब सील, चॅसिसला दिसलेली रेघ, झिजलेली पिन. यात रिकामं करून वर्कशॉप, परत भरायचं नाही. तिसरा प्रकार महिन्याच्या कामात बसतो: पत्रे, मडगार्ड, रंग, पट्ट्या. सगळंच पहिल्या प्रकारात टाकलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. ज्यांचं ऐकलं जात नाही अशा बऱ्याच ड्रायव्हरांची अडचण ही असते की ते तुटलेलं मडगार्ड आणि मेलेला ब्रेक एकाच आवाजात सांगतात.

निरोप फोनवर न देता व्हॉट्सॲपवर द्या, फोन त्यानंतर. निरोप असा असावा: ‘साहेब, ट्रेलर नंबर अमुक. आज सकाळी ७ वाजता तपासला. मधला ॲक्सल उजवीकडे रॉड ६० मिमी, हद्द ५०. मधला ॲक्सल डावीकडे आतला टायर, तार दिसते. फोटो पाठवले. या स्थितीत भरलेली गाडी चालवणं धोक्याचं आहे. काम कुठे करायचं आणि कधी, ते कळवा. तोवर गाडी अमुक जागी उभी आहे.’ यात राग नको, टोमणा नको, ‘दहा वेळा सांगितलं’ नको. फोटोत नंबर प्लेट आणि टेप दोन्ही दिसू द्या. दुरुस्तीला खिशातून पैसे घालायची वेळ आली तर आधी लेखी होकार घ्या, बिलाचा फोटो त्याच ठिकाणी टाका. फेरीच्या हिशोबाला बसताना तोंडी खर्च उडवला जातो.

मालक म्हणाला, ‘चालव, काही होत नाही,’ तर मोटर वाहन कायद्याचं कलम १९० त्याला आणि तुम्हाला दोघांनाही माहीत असलं पाहिजे. दोष माहीत असताना किंवा साध्या काळजीने कळला असता अशी गाडी जो चालवतो आणि जो चालवू देतो, दोघेही दोषी. साधा दंड १,५०० रुपये, पण त्या दोषामुळे अपघात होऊन कोणाला इजा झाली किंवा मालमत्तेचं नुकसान झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि पोलीस आधी स्टिअरिंगवरच्या माणसालाच धरतात. तुमचा लेखी निरोप तुम्हाला पूर्ण सोडवेल असं समजू नका. निरोप पाठवूनही गाडी चालवली तर तुम्हाला दोष माहीत होता हेच त्यातून सिद्ध होतं. म्हणून पहिल्या प्रकारची खराबी कळवल्यावर गाडी उभी ठेवायची, हे दोन्ही एकत्रच करायचं. फिटनेसची तारीखही बघा: ८ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पुलर आणि ट्रेलरचे नंबर वेगळे असतील तर दोन्हींचं वेगवेगळं बघा, ट्रेलरचंच संपलेलं सापडतं.

एकट्याने अडून बसलं की नाटक ठरतं, हे खरं आहे. म्हणून त्याच ट्रेलरवर चढणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये एक साधी वही सुरू करा. ती ट्रेलरसोबत राहील, पुलरसोबत नाही. तारीख, काय सापडलं, कोणाला कळवलं, काय झालं, एवढंच. गप्प बसणारे ड्रायव्हरही वहीत लिहितात, कारण पुढचा माणूस आपल्याला विचारेल ही भीती असते. आणि मालकापुढे एकाची तक्रार न जाता ट्रेलरचा इतिहास जातो. मुनीम किंवा सुपरवायझर मधे निरोप अडवत असेल तर मालकालाही तोच संदेश पाठवा, चुगली म्हणून नव्हे, एकाच वेळी दोघांना.

चिडीबद्दल एक स्पष्ट गोष्ट. भांडण झाल्यावर लगेच गाडी काढू नका. रागात माणूस अंतर कमी ठेवतो, घाटात गिअर खाली घ्यायचा विसरतो, एक्झॉस्ट ब्रेकऐवजी पायाने ब्रेक धरून बसतो, आणि तुमचा ट्रेलर तर आधीच कमकुवत आहे. अर्धा तास थांबा, पाणी प्या, एक चक्कर मारून गाडी तपासा. गाडीचा व्हिडिओ काढून सगळीकडे फिरवायचा मोह होतो, तो टाळा. त्याने काम होत नाही, पुढची नोकरी मात्र अवघड होते. मापासकट दोन-तीन लेखी निरोपांनंतरही पहिल्या प्रकारची कामं होत नसतील तर ती जागा सोडा. सोडताना लायसन्स आणि मूळ कागद आधी परत घ्या, फेऱ्यांचा आणि भत्त्याचा हिशोब लिहून सही घ्या, निरोपांची प्रत स्वतःकडे ठेवा. हिशोब अडला तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करता येतो. रस्त्यात बंद पडलात तर चौपदरीवर त्रिकोण १०० मीटरहून जास्त मागे ठेवा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला आणि जीवाचा धोका असेल तर ११२ ला फोन करा.

तुमची गाडी वर्कशॉपला लागली की काम या क्रमाने करून घ्या. आधी हवेची गळती आणि रिले इमर्जन्सी व्हॉल्व्ह, कारण हवा नीट पोचल्याशिवाय पुढचं मोजमाप खोटं येतं. मग सहाही चाकांचे बूस्टर, पिना, कॅमचे बुश, लायनर, ज्या ॲक्सलला लायनर घालाल त्याच्या दोन्ही बाजूंना. त्याच वेळी हब उघडा असतो, तेव्हा सील आणि ग्रीस. नंतर स्लॅक, नंतर टायर आणि नट, शेवटी सॉकेटची अर्थिंग. बाहेर निघण्याआधी मोकळ्या आवारात ताशी २० किलोमीटरला ब्रेक दाबून पाहा, ट्रेलर सरळ थांबतो का. मग सहा रॉडची मापं परत घेऊन वहीत लिहा, आणि पहिल्या ५०-१०० किलोमीटरवर नट आवळून हबजवळ हात न्या.